पाच सीड्यांचा चेंजर आणि माझं तोंड

१३ सप्टेंबर, शनिवार

आला एकदाचा चेंजर. दीड महिना वाट पाहिली. तोवर मिहिरनं पुण्याहून दर रविवारी फोन करून डोकं खाल्लं. "आई, सगळं गाणं फोनमध्ये आहे, तू तीनशे सीड्या कवटाळून काय बसलीस?" मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या फोनात मारवा रंगात आला की मध्येच बनियनची जाहिरात लागते. ती तू ऐक. मी एकतीस वर्षं शाळेत मुलींना गाणं शिकवलंय, मला बनियन नको.

हे सगळं माझ्या शनिवारच्या श्रवणवर्गासाठी. निवृत्त झाले त्याच वर्षी सुरू केला. दुपारी चार ते सहा, इथंच, आमच्या उस्मानपुऱ्यातल्या दिवाणखान्यात. एक राग, पाच गायक, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. पण जुन्या प्लेअरमध्ये एकच सीडी मावते. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, सीडी बदलायचे, तेवढ्यात रत्नमालाबाई सुनेचं गाऱ्हाणं काढायच्या. रागाचा पार चोथा व्हायचा. आता पाची सीड्या एकदम ठेवायच्या, कुठलीतलं काय वाजवायचं ते आधीच ठरवून द्यायचं आणि हातावर हात ठेवून ऐकायचं.

नव्या मशीनची किंमत ऐकून मी गप्प बसले होते. मग इंद्रजीतनं मुंबईच्या जुन्या मालातून हा जपानी चेंजर शोधला, पट्टा बदलला आणि आज स्वतः घेऊन आला. इंद्रजीत करमाडचा. शहागंजात घड्याळाजवळ कापडाच्या दुकानावर त्याची खोली आहे, तिथं रेडिओपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सगळं दुरुस्त करतो. पाच वर्षं माझं सगळं तोच बघतो. हात सोन्याचा आहे. चहा दिला, आमच्याच कपात दिला. आमच्याकडं असलं काही पाळत नाहीत.

शाळेच्या सभागृहातल्या साउंडची वर्षभराची देखभाल त्याला मिळावी म्हणून मी शब्द टाकलाय. रत्नमालाबाई संस्थेच्या सचिव. म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तो." नोव्हेंबरच्या बैठकीत ठरेल. सांगितलं तेव्हा इंद्रजीतचा चेहराच बदलला. म्हणाला, "हे काम झालं ना मॅडम, तर खाली रस्त्यावर गाळा घेतो. जिन्यावरनं स्पीकर चढवून कंबर गेली. आन् निम्मं गिऱ्हाईक जिना बघूनच माघारी जातं."

होईल म्हटलं. माझा शब्द शाळेत अजून चालतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाच दिवसांचा अनुभव. बटणांवरची अक्षरं पुसलेली आहेत, दुपारीसुद्धा टॉर्च लागतो. एक सीडी संपून दुसरी सुरू व्हायला अकरा सेकंद लागतात आणि त्या अकरा सेकंदांत आतून जात्यासारखी घरघर येते. खण उघडला की पोळपाटाएवढी गोल थाळी इतकी बाहेर येते की सोफ्याला धडकते. सोफा सरकवला. सरकवताना आमचे व्यंकटराव "सावकाश, सावकाश" म्हणत सोफ्यावरच बसून होते.

आणि ते एक बटण. कुठल्याही सीडीतलं काहीही वाजवणारं. व्यंकटरावांनी ते दाबलं आणि भैरवाच्या मागोमाग संध्याकाळचा यमन आला. सकाळी सात वाजता. मी स्वयंपाकघरातून ओरडले तर म्हणतात, "मला दोन्ही सारखेच वाटले." चाळीस वर्षं संसार केलाय मी या माणसाबरोबर.

तरी आवाज मात्र काय सुंदर आहे. तानपुऱ्याच्या चारी तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. डोळ्यांत पाणी आलं.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिला वर्ग. बिहाग, पाच गळ्यांचा. सात जणी होत्या. दोन तासांत मी एकदाही उठले नाही. अश्लेषा, ती कॉलेजातली, सगळ्यांत लहान, ती शेवटी म्हणाली, "मॅम, आज पहिल्यांदा पाची एकापाठोपाठ ऐकले. प्रत्येकाचा निषाद वेगळा लागतो." एवढंच तर मला हवं होतं. रत्नमालाबाईंना अकरा सेकंद पुरेनात सुनेबद्दल बोलायला. इंद्रजीतला फोन करून शाबासकी दिली.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी वह्या-पुस्तकं, तंबोरा, व्यंकटरावांची स्कूटर, मिक्सर, सगळ्यांची पूजा केली. चेंजरची सगळ्यांत मन लावून केली. नवीन आलाय घरात. नुसतं वरून टेकवायचं नाही म्हणून थाळी पूर्ण बाहेर घेतली, पाची खळग्यांत हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या. व्यंकटराव म्हणाले, "आत तांदूळ कशाला?" यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. संध्याकाळी पाकळ्या उचलल्या, फडकं मारलं, थाळी आत सारली.

इंद्रजीतला दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला फोन केला तर उचलला नाही. नंतर निरोप आला, "धम्मचक्र दिन आहे मॅडम, बुद्धलेणीवर गर्दीत आहे. जय भीम." बरं. ज्याचं त्याला. पण साध्या दसऱ्याच्या शुभेच्छा उलट दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

४ ऑक्टोबर, शनिवार

अंगाचा तिळपापड होतोय. तिसऱ्या सीडीवर मशीन अडलं. टक, टक, टक. थाळी फिरेना, खण उघडेना. सात जणी माझ्या तोंडाकडं बघतायत आणि मी रिमोट आपटतेय. रत्नमालाबाई म्हणाल्या, "जुनाच माल तो शेवटी." सगळ्यांना चहा पाजून लवकर घालवलं. पाची सीड्या आत अडकल्यात.

६ ऑक्टोबर, सोमवार

रिक्षात मांडीवर घेऊन शहागंजला नेला. त्या जिन्यानं गुडघ्यांचं वाटोळं झालं. इंद्रजीतनं झाकण काढलं, आत टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मग हळूच म्हणाला, "मॅडम, एक सांगू का, राग नका मानू. मशीनला हळदकुंकू नका लावत जाऊ. नाय सोसत त्याला."

दोन परक्या माणसांसमोर. मला.

मी म्हटलं, "आमच्या स्कूटरला तीस वर्षं लावतोय, अजून चालते." तो म्हणाला, "स्कूटरचं वेगळं मॅडम, ह्याचं वेगळं." मी म्हटलं, "तुमच्यात करत नसतील, आमच्यात करतात." त्यानं झाकण परत ठेवलं. शुक्रवारी आणून देतो म्हणाला.

घरी येईपर्यंत डोक्यात तिडीक होती. याला मशीन दुरुस्त करायला दिलं, का माझा धर्म दुरुस्त करायला? मी आयुष्यात जातपात पाहिली नाही. वर्गात कुठलीही मुलगी असो, सूर बरा असेल तर पहिल्या रांगेत बसवली. आणि हा मला शिकवणार. यांच्यात चार अक्षरं शिकले की आमच्या देवावरच येतात. व्यंकटरावांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तो मशीनबद्दल बोलत असेल." यांना काही कळत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आणून दिला. वाजतोय. पैसे घ्यायला तयार नव्हता. "माझ्याकडनंच आलंय मशीन, ह्याचे कशाला घेऊ." खालच्या बाजूला एक स्क्रू वेगळाच दिसला, पिवळा, बाकीचे काळे. विचारलं तर म्हणाला, "खालची प्लेट खोलावी लागली, एक झिजला होता, दुसरा लावला." चहा नको म्हणाला. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सांगायला आला मोठा. आज मुद्दाम केली पूजा. दसऱ्यापेक्षा जास्त. पाची खळग्यांत कुंकू, मध्ये अक्षता, वरून फुलानं पाणी शिंपडलं. व्यंकटराव तोंड उघडणार होते, मी नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं.

नळाला नवव्या दिवशी पाणी आलं तेही नेमकं पूजेच्या वेळी. अर्धी दिवाळी बादल्या भरण्यात गेली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बंद. पूर्ण बंद. थाळी अर्धी फिरते आणि थांबते, आणि जी सीडी मिळते तीही वाचत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी सात बायका दिवाळीचा चिवडा खात गप्प बसल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात गेली.

रत्नमालाबाईच म्हणाल्या, "अहो, असला जपानी माल. आतलं चांगलं काढून घेतलं असेल त्यानं, आणि लोकल बसवलं असेल. माझ्या भाच्याच्या मोबाइलचं असंच झालं." आणि मला एकदम तो पिवळा स्क्रू आठवला. खालची प्लेट का खोलली? पैसे का घेतले नाहीत? फुकट कोण काम करतं या गावात? सगळं जुळलं. पाच वर्षं मी या माणसाला घरातला समजत होते.

सगळ्या गेल्यावर शाळेच्या ग्रुपवर लिहिलं. आजी-माजी शिक्षक, पालक, संस्थेची माणसं, सगळे आहेत त्यात. जसंच्या तसं इथं उतरवते: "शहागंज येथील इंद्रजीत याने माझ्या सीडी चेंजरमधील मूळ जपानी भाग काढून घेऊन मशीन निकामी केले आहे. सर्वांनी सावध राहावे. सभागृहाच्या कामासाठी मी केलेली त्याची शिफारस मागे घेत आहे."

दहा मिनिटांत एकतीस अंगठे. "बरं झालं सांगितलंत मॅडम." "हल्ली कुणावर विश्वास ठेवायचा." रत्नमालाबाईंनी हात जोडले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

इंद्रजीत घरी आला. दारातच उभा राहिला. कुणीतरी त्याला मेसेज दाखवला होता. आवाज चढवला नाही. "मी काय काढलं नाय मॅडम. खोलतो, तुमच्यासमोर दाखवतो." मी म्हटलं, "दाखवून मला काय कळणार त्यातलं? तू हा स्क्रू दाखवशील आणि तो पार्ट म्हणशील." मग त्यानं विचारलं, "पुन्हा लावलं का तुम्ही?" मी म्हटलं, "तो तुझा प्रश्न नाही."

त्यानं चपला पायात सरकवल्या. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

चोर असता तर भांडला असता, असं व्यंकटराव जेवताना म्हणाले. मी म्हटलं, भांडायला तोंड लागतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वर्ग जुन्या प्लेअरवर. गुडघे, गाऱ्हाणी, सगळं पहिल्यासारखं. पूरिया चालू असताना मी चार वेळा उठले.

बैठक झाली. सभागृहाचं काम सिडकोतल्या कुणाला तरी दिलं. रत्नमालाबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळं वाचलो." अश्लेषानं जाताना सांगितलं, इंद्रजीतचं दुकान आता रोज उघडत नाही. शेंद्र्याला एका कंपनीत शिफ्टला लागलाय. तिचा भाऊ तिथंच कामाला आहे. "मॅम, त्यांनी खरंच पार्ट काढला होता का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तू निषादाकडं लक्ष दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज काय झालं ते लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

देवेश आला होता, माझ्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअर. त्याला मीच बोलावलं होतं. मला पुरावा हवा होता. खरा जपानी भाग कुठला आणि खोटा कुठला, ते कागदावर लिहून घ्यायचं आणि ग्रुपवर टाकायचं ठरवलं होतं. कारण अश्लेषाच्या त्या प्रश्नानं आठवडाभर डोकं उठलं होतं.

जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला. देवेशनं झाकण काढलं, थाळी उचलली आणि हसायलाच लागला. "मावशी, आत सत्यनारायण घातला होतास का?"

तांदूळ. दात्यांच्या चाकात अडकलेले, दोन भरडलेले. झेंडूची एक पाकळी वाळून चिकटलेली. आणि कुंकू. पाण्यात कालवून लावल्यासारखं सगळीकडं. जिथून सीडी वाचतात त्या बारक्या भिंगावर त्याचा थर. देवेशनं कापूस फिरवला तो लाल झाला. दुसरा फिरवला, तोही लाल.

मी विचारलं, "पण पार्ट?" तो म्हणाला, "सगळे ओरिजिनल आहेत. हे बघ, कंपनीचे नंबर एकच आहेत." मी विचारलं, "आणि तो पिवळा स्क्रू?" त्यानं तो काढला, खालची प्लेट सरकवली. आत थाळीच्या कडेनं आणि मधल्या भोकाभोवती काळ्या मखमलीच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. अगदी बारीक कापलेल्या, कात्रीनं, हातानं. देवेश म्हणाला, "हे जपानी नाही. हे कुणीतरी नंतर बसवलंय. पावडर खाली उतरू नये म्हणून. मस्त डोकं लावलंय, पण तू वरून पाणी ओतल्यावर मखमल काय करणार?"

व्यंकटराव म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, आत तांदूळ कशाला." मी त्यांच्यावर असा आवाज चढवला की देवेश स्क्रूड्रायव्हर ठेवून उभा राहिला. मग मी आत जाऊन पलंगावर बसले. चार वाजता बायका आल्या तेव्हा बरं नाही म्हणून सांगायला लावलं.

मशीन वाजतंय आता. देवेशनं जाताना लावून दाखवलं. मी बंद करायला लावलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस स्वतःशीच वकिली करतेय. नीट सांगायचं होतं त्यानं. नीटच सांगितलं होतं. "नाय सोसत त्याला" म्हणाला होता, मशीनला म्हणाला होता, आणि मी त्यात माझे तेहतीस कोटी देव आणून बसवले. बरं, दोन माणसांसमोर कशाला सांगायचं? मी काय त्याचा अपमान एकांतात केला? एवढ्या सगळ्या माणसांच्या ग्रुपवर केला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलींना एकतीस वर्षं सांगत आले, आधी ऐका, मग तोंड उघडा. स्वतःचं काय?

त्यानं दिवाळीआधीच मखमल लावली होती. मी ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं आणि त्यानं माझ्याशी वाद घातला नाही, गुपचूप सोय केली. हे आठवलं की जास्त राग येतो. कुणाचा ते विचारू नये.

अजून काहीच केलेलं नाही मी. ग्रुपवरही लिहिलं नाही. बैठकीत निवडलेल्या माणसाशी करार झालाय, आता लिहून काय उपयोग, असं मनात येतं. म्हणजे भित्रेपणा. तोही लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर, रविवार

शहागंजला गेले. आता तो फक्त रविवारी उघडतो. जिना चढताना दोनदा थांबले. पूर्वी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, मशिनांवर मशिनं, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. आज फळ्या मोकळ्या होत्या. एक टेबलफॅन उघडून बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली.

मी सगळं एका दमात सांगितलं. देवेशनं काय काढलं, तांदूळ, कुंकू, मखमल. म्हटलं, "इंद्रजीत, चूक माझी होती."

"व्हय," तो म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं, तो म्हणेल जाऊ द्या मॅडम, होतं असं. तसं म्हणाला नाही. पंख्याची जाळी पुसत राहिला. मग आपणहून म्हणाला, "त्या आठवड्यात अकरा जण आपापली मशिनं उचलून घेऊन गेले. दुरुस्त न करताच. एका सरांनी तर इथं बसून माझ्यासमोर स्क्रू मोजले."

मी विचारलं, "मखमल लावलीस ते तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काढायला लावली असती तुम्ही. दिवाळी जवळ आली होती."

मला हसूही आलं आणि शरमही वाटली. मग मी ते विचारलं जे मला आठवडाभर कळत नव्हतं. "ग्रुपवर लिहायचं होतंस. रत्नमालाबाईंना जाऊन सांगायचं होतंस की आत कुंकू गेलं म्हणून. खरं होतं ते. सगळं तिथंच मिटलं असतं."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "काय मिटलं असतं? मी लिहायचं, की बाईंच्या पूजेनं मशीन बिघडलं? लोक माझं नाव बघायचे मॅडम, मशीन नाय बघायचे. चोर म्हणले तर दुकान जातं. पूजेला नावं ठेवतो म्हणले असते तर गावात राहणं अवघड झालं असतं. लेकरं शाळेत जातात माझी." मग म्हणाला, "चोर म्हणवून घेतलेलं स्वस्त पडलं."

मी म्हटलं, मी लिहीन. शाळेत जाईन. पुढच्या वर्षी काम मिळवून देईन. तो मान हलवत म्हणाला, "लिहायचं तर लिहा. काम नका मिळवून देऊ. तुमच्या शब्दानं मिळतं आन् तुमच्या शब्दानंच जातं. कंपनीत निदान माझी हजेरी तरी माझ्या अंगठ्यानं लागते."

राग आला मला त्याचा. खरं लिहिते. गुडघे मोडत तो जिना चढून आले, माफी मागितली, आणि हा घेत नाही. खाली उतरून रिक्षात बसेपर्यंत राग होता. क्रांती चौक आला तेव्हा ओसरला, आणि मग जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ग्रुपवर लिहिलं. पहिल्या मसुद्यात "गैरसमजातून" असं होतं. ते खोडलं. दुसऱ्यात "तांत्रिक कारणामुळे" होतं. तेही खोडलं. शेवटी असं गेलं: "इंद्रजीत यांच्यावर मी केलेला चोरीचा आरोप खोटा होता. त्यांनी कोणताही भाग काढला नव्हता, हे माझ्या भाच्याने मशीन उघडून पाहिले. मशीन माझ्या हातून, मी आत हळदकुंकू, तांदूळ आणि पाणी घातल्याने बिघडले. त्यांनी मला आधीच सावध केले होते, मी ऐकले नाही. त्यांचे काम गेले ते माझ्यामुळे. मी त्यांची जाहीर माफी मागते. पद्मजा."

मग फोन पालथा ठेवून भाजी निवडत बसले.

तासाभरानं बघितलं. अंगठे चार. त्यातला एक अश्लेषाच्या आईचा. एका सरांनी लिहिलं, "मॅडम, आपण नक्की खात्री केली आहे का?" एका पालकांनी लिहिलं, "कुणी दबाव तर आणला नाही ना? आम्ही आपल्या पाठीशी आहोत." मग रत्नमालाबाई. "मॅडम मनाने फार साध्या आहेत. या वेळी नसेल काढला, पण त्या लोकांचे सांगता येत नाही. तुमच्या भाच्याने उघडून बघितल्याचा काही फोटो आहे का?"

उत्तर लिहिलं. "त्या लोकांचे म्हणजे कुणाचे, रत्नमालाबाई? आणि एका महिन्यापूर्वी मी त्याला चोर म्हटलं तेव्हा तुम्ही फोटो मागितला नव्हता."

पाठवलं. आता संध्याकाळ झालीय. सगळ्यांनी वाचलंय, तसं फोनवर दिसतंय. कुणी काही लिहिलेलं नाही. व्यंकटराव दोनदा येऊन विचारून गेले, "आलं का काही?" नाही म्हटलं.

त्या दिवशी फोटो कुणीच मागितला नाही. मीही नाही.